तोटी कोठें बसवावी ?

घरीं केलेल्या वस्तूची गोडी विकतच्या वस्तूला येत नाहीं, असा आपल्या समाजाचा फार जुना समज आहे आणि तो बहुतांशीं खराहि आहे. घरचें मेतकूट, घरीं शिवलेली दुलई, आजोबांनीं स्वतः रंधा मारून केलेला पाळणा ह्यांत करणाराचा जीव उतरलेला असतो. परंतु ह्या कौतुकाच्या पोटांत एक जबाबदारीहि दडलेली असते. तिकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. बाजारची वस्तु बिघडली तर विकणाऱ्यास जाब विचारतां येतो. घरच्या वस्तूची योजना करणारा, ती घडविणारा, तपासणारा आणि वापरणारा हे चारी अधिकार एकाच माणसाकडे आलेले असतात, आणि तो माणूस आपल्याच हातच्या कामावर लुब्ध असतो. पाळण्याची कडी कच्ची आहे असें त्याला कोण सांगणार ? ही गोष्ट आम्हांस गेल्या कांहीं वर्षांत एका अगदीं अनपेक्षित विषयाच्या द्वारें पटली. तो विषय म्हणजे घरीं बांधलेल्या विमानांतील पेट्रोलची व्यवस्था.

आमचा व्यवसाय शाळामास्तराचा. जुन्या मॅट्रिकपर्यंत शाळा आणि पुढें पाठशाळेंत काव्य व व्याकरण, एवढीच आमची शिदोरी. सारा जन्म मुलांकडून रूपें घोकवून घेण्यांत गेला. 'इंधन' हा शब्द 'इन्ध्' म्हणजे पेटविणें ह्या धातूपासून झाला, हें आम्हीं शेंकडों मुलांना सांगितलें. परंतु तें इंधन टाकीपासून इंजिनापर्यंत कोणत्या वाटेनें जातें आणि त्या वाटेंत त्याला कोणकोणतीं विघ्नें येतात, ह्याचा विचार करण्याचा प्रसंग साठी उलटल्यावर आला. कारण घरचेंच आहे. आमच्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा अमेरिकेंत इंजिनियर आहे. सन २०१६ मध्यें त्यानें वहिनींना फोनवर सांगितलें कीं, आपण मोटार ठेवण्याच्या खोलींत एक विमान बांधावयास घेतलें आहे. वहिनींना प्रथम तें खेळण्यांतलें विमान वाटलें. तें दोन माणसें बसण्याजोगें खरें विमान असून दुसऱ्या आसनावर सूनबाई बसणार, हें कळल्यावर त्या दोन दिवस कोणाशीं धड बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शास्त्र शिकलेले आहां. हें काय प्रकरण आहे तें नीट समजून घ्या आणि मग मला खरें खरें सांगा." आम्हीं शिकलेलें शास्त्र व्याकरणाचें, पण आज्ञा वडील भावजयीची. ती मोडण्याची आमच्या घरांत रीत नाहीं.

अमेरिकेंत अशीं विमानें बांधणें ही कांहीं चोरून करावयाची गोष्ट नव्हे. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसानें शिक्षणासाठीं अगर करमणुकीसाठीं स्वतः बांधलेला असला, तर तेथील सरकार त्याला 'प्रायोगिक' ह्या सदराखालीं परवाना देतें. पहिले पंचवीस किंवा चाळीस तास, किंवा ठरवून दिलेल्या चांचण्या पुऱ्या होईपर्यंत, तें ठराविक क्षेत्रांतच उडवावें लागतें आणि हौसेखातर प्रवासी नेतां येत नाहींत. सन १९५३ मध्यें पॉल पोबेरेझ्नी ह्यांनीं मिल्वॉकी येथें अशा लोकांची 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था स्थापिली. विस्कॉन्सिन राज्यांतील ऑशकॉश गांवीं भरणाऱ्या तिच्या उन्हाळी मेळ्यास हजारों विमानें येतात. आपल्याकडेहि कांदिवलीच्या चारकोप भागांत वैमानिक अमोल यादव ह्यांनीं इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें. सन २०१६ मध्यें तें मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आणि २०१७ मध्यें त्यास सरकारी नोंदणी मिळाली. तेव्हां 'हें आपल्या लोकांचें काम नव्हे' असें म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं.

कारखान्यांतल्या विमानांत प्रत्येक खिळ्याची आणि प्रत्येक नळीची जागा अनेक परीक्षकांच्या नजरेखालून गेलेली असते. घरीं बांधणाराला नकाशा मिळतो, सुट्या भागांचा संचहि मिळतो. परंतु नकाशांत दाखविलेली एखादी जागा त्याला पटली नाहीं तर ती बदलण्याची त्याला मोकळीक असते. ही मोकळीक हेंच ह्या छंदाचें वैभव आणि हाच त्याचा धोका. आम्हीं जेवढें वाचलें त्यावरून, ह्या मोकळिकीचा उपयोग सर्वांत विचारपूर्वक करावयाचा ठिकाणा म्हणजे पेट्रोलची टाकी, नळी आणि तोटी.

आमच्या वाचकभगिनींस ही व्यवस्था समजण्यास मुळींच अवघड नाहीं. कारण घरांतल्या पाण्याची व्यवस्था त्या रोज सांभाळतात. गच्चीवर टाकी असली कीं पाणी आपोआप खालीं येतें. विहिरींतून पाणी वर आणावयाचें तर पंप लागतो. विमानांतहि तसेंच आहे. ज्यांचे पंख बैठकीच्या वर असतात, त्यांच्या टाक्या त्या पंखांत असल्यामुळें पेट्रोल स्वतःच्या वजनानें इंजिनाकडे उतरतें. ज्यांचे पंख खालीं असतात, त्यांच्यांत तें पंपानें ओढावें लागतें. म्हणून एक पंप इंजिनाला जोडलेला आणि तो बिघडल्यास दुसरा विजेवर चालणारा, अशी दुहेरी योजना असते. टाक्या दोन, उजव्या आणि डाव्या पंखांत. त्या दोहोंपैकीं कोणत्या टाकींतून पेट्रोल घ्यावयाचें, हें ठरविण्यासाठीं चालविणाऱ्याजवळ एक तोटी असते. मधून मधून ती फिरवावी लागते. एका टाकींत भरपूर पेट्रोल असतां दुसरी रिकामी झाल्यामुळें इंजिन बंद पडलें आणि विमान शेतांत उतरवावें लागलें, असे प्रसंग विमानविद्येच्या इतिहासांत पुष्कळ आहेत.

मग दोन्ही टाक्या एकदमच उघडून ठेवाव्यात, म्हणजे फिरविण्याची कटकट नको, असें कोणासहि वाटेल. आम्हांसहि वाटलें, आणि आम्हीं तसें पुतण्यास लिहिलें. त्याचें उत्तर मासलेवाईक होतें. तो म्हणाला, "काका, दोन पेल्यांत दोन नळ्या घालून त्या एकत्र तोंडांत धरा आणि सरबत ओढा. एक पेला संपला कीं दुसऱ्यांत कितीहि सरबत असलें तरी तोंडांत हवाच येईल." वरच्या पंखांच्या विमानांत, जेथें पेट्रोल आपल्या वजनानें उतरतें, तेथें दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवणें सर्रास चालतें; खालच्या पंखांच्या विमानांत, जेथें पंप ओढतो, तेथें तीच सोय घातक ठरते. एका घरचा नियम दुसऱ्या घरीं लावूं नये, तो असा.

विघ्नें आणखीहि आहेत. पेट्रोलपेक्षां पाणी जड, म्हणून टाकींत शिरलेलें पाणी तळाशीं बसतें. तें काढण्यासाठीं सर्वांत खालच्या जागीं एक लहान तोटी ठेवतात व उड्डाणापूर्वीं तींतून थोडें पेट्रोल कांचेच्या भांड्यांत घेऊन पाहतात. टाकींतून पेट्रोल जाऊं लागलें कीं त्याच्या जागीं हवा आंत यावी लागते. त्यासाठीं ठेवलेल्या बारीक नळींत कुंभारीण माशीनें मातीचें घर केलें, तर भरलेली टाकीहि पेट्रोल देईनाशी होते. इंजिनाजवळच्या उष्णतेनें नळींतल्या पेट्रोलची वाफ झाली तर तिचा बुडबुडा वाट अडवितो. म्हणून पंप शक्य तों टाकीजवळ व खालीं बसवून पेट्रोल ओढण्यापेक्षां ढकललेलें बरें. हल्लीं मोटारीच्या पेट्रोलांत मद्यार्क मिसळतात. तो पाणी शोषून घेतो आणि टाकी जोडण्याच्या कांहीं लुकणांना व राळांना मऊ करतो. ह्यांतील एकहि गोष्ट गूढ नाहीं. माणूस विद्वान असण्याची जरूरी नाहीं, सावध असला म्हणजे पुरे.

सन २०१८ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां पुतण्याकडे चार महिने राहिलों. विमानाचें धड तेव्हां तयार होऊन लांकडी घोड्यांवर ठेवलेलें होतें. पंख भिंतीशीं उभे होते. पुतण्या रात्रीं जेवण झाल्यावर दोन तास काम करी आणि आम्ही खुर्ची टाकून पाहत बसूं. त्याचें विमान खालच्या पंखांचें. दोन आसनें शेजारीं शेजारीं. नकाशाप्रमाणें पेट्रोलची तोटी दोन आसनांच्या मध्यें जमिनीवर यावयाची होती. पुतण्यानें ती डाव्या भिंतीवर, चालविणाऱ्याच्या गुडघ्यापाशीं, बसविण्याचें ठरविलें होतें. त्याचीं कारणें विचारपूर्वक काढलेलीं होतीं. मधली जागा मोकळी राहते; नळ्यांचें एक वळण कमी होतें; आणि कारखान्यांत तयार झालेल्या कित्येक नामांकित विमानांत तोटी डाव्या भिंतीवरच असते. आम्हीं भीत भीत म्हटलें, "नकाशांतली जागा सोडून दुसरीकडे बसविलेल्या तोटीनें कोणा गायकाचा जीव गेल्याचें तूंच मागें सांगितलें होतेंस ना ?" तो हंसला. "काका, ती त्याच्या पाठीमागें होती. माझी डोळ्यांसमोर आहे." आणि दुसऱ्या दिवशीं त्यानें त्या अपघाताचा सरकारी चौकशी-अहवाल छापून आमच्या हातीं दिला. तो सर्वांस वाचावयास खुला आहे. आम्हीं कोश जवळ घेऊन एखाद्या टीकाग्रंथासारखा तो ओळ न् ओळ वाचला.

जॉन डेन्व्हर हें नांव इंग्रजी गाणीं ऐकणाऱ्यांस ठाऊक असेल. त्याचे वडील अमेरिकेच्या हवाईदलांत वैमानिक होते; त्यांच्यापाशींच तो विमान चालवावयास शिकला होता. त्याच्या नांवावर सत्तावीसशें तासांहून अधिक उड्डाण जमा होतें. म्हणजे तो नवशिका खचित नव्हता. सन १९९७ मध्यें त्यानें 'लाँग-ईझी' जातीचें एक विमान विकत घेतलें. बर्ट रूटान ह्या प्रसिद्ध रचनाकारानें आंखलेलें, फोम आणि कांचतंतु ह्यांचें हें हलकें व देखणें विमान. ह्याचें इंजिन शेपटाकडे, चालविणारा पुढें आणि सोबती त्याच्या मागें. रूटानच्या नकाशांत तोटी चालविणाऱ्याच्या दोन पायांच्या मध्यें, सहज हात जाईल अशी दाखविलेली आहे. परंतु त्यासाठीं टाक्यांपासून पेट्रोलच्या नळ्या बैठकींतून पुढें आणून पुन्हां मागें इंजिनाकडे न्याव्या लागतात. हें विशिष्ट विमान ज्या गृहस्थानें घरीं बांधलें, त्याला माणसाच्या बैठकींत पेट्रोल नको होतें. म्हणून त्यानें तोटी चालविणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर बसविली.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. त्या गृहस्थाचा हेतु वाईट नव्हता, विचारहि खुळा नव्हता. बैठकींत नळी फुटून आग लागण्याचें भय खरेंच आहे. त्यानें एक संकट दूर केलें. पण दूर केलेलें संकट नाहींसें होत नाहीं, तें दुसऱ्या जागीं जाऊन बसतें, हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं. स्वतः त्यानें तें विमान चालविलें तेव्हां त्याला आपल्या तोटीची जागा माहीत होती, तिच्या फिरण्याची दिशा माहीत होती. तिच्यावर खुणा करण्याची त्याला गरज भासली नाहीं. टाक्यांतील पेट्रोलची पातळी दाखविणाऱ्या कांचनळ्या मागच्या बैठकीपाशीं होत्या. त्यांवरहि मापाच्या खुणा नव्हत्या. पुढें विमान त्याच्या हातून दुसऱ्याकडे गेलें आणि दुसऱ्याकडून डेन्व्हरकडे आलें. तोटी तेथेंच होती, परंतु तिची माहिती असलेला माणूस आतां विमानांत नव्हता.

तारीख १२ ऑक्टोबर १९९७. कॅलिफोर्नियांतील मॉंटेरे विमानतळावर उड्डाणापूर्वीं डेन्व्हर आणि तेथील एक कारागीर ह्यांचें ह्या तोटीविषयीं बोलणें झालें. तिच्यापर्यंत हात नीट पोंचत नाहीं, हें दोघांनींहि पाहिलें. मूठ लांब करण्यासाठीं तिला पकड लावून पाहिली, पण जमलें नाहीं. मागच्या कांचनळ्या दिसाव्यात म्हणून कारागिरानें एक लहान आरसा दिला. तोटी फिरविण्याची वेळ आलीच तर स्वयंचालक यंत्र लावून विमान सरळ ठेवीन, असें डेन्व्हर म्हणाला. पेट्रोल भरण्याविषयीं विचारतां, तासभरच उडावयाचें आहे, नको, असें उत्तर मिळालें. त्यानें तीन वेळां चाकें टेकवून पुन्हां उड्डाण करण्याचा सराव केला आणि तो किनाऱ्याकडे गेला. सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास पॅसिफिक ग्रोव्ह गांवाजवळ लोकांनीं इंजिनाचा आवाज मंदावलेला ऐकला; पाठोपाठ तें विमान थोड्याच उंचीवरून समुद्रांत कोसळलें. डेन्व्हर त्रेपन्न वर्षांचा होता.

चौकशी करणाऱ्यांनीं तशा बैठकींत बसून पाहिलें. ती तोटी फिरवावयाची तर उजवा हात दांड्यावरून काढावा लागे, खांद्याचा पट्टा सैल करावा लागे, कमरेपासून वरचें अंग डावीकडे पुरतें वळवावें लागे आणि मग मूठ हातीं येई. अंग असें वळलें कीं आधारासाठीं उजवा पाय आपोआप पुढें ताणला जाई. आणि त्या पायाखालीं सुकाणूची उजवी पट्टी होती. तोटी शोधणारा मनुष्य न कळत विमानाला उजवीकडे कलाटणी देत होता. उड्डाणापूर्वीं पेट्रोल न भरणें आणि ह्या जातीच्या विमानाचा अपुरा सराव, हे दोष अहवालानें चालविणाऱ्याच्या पदरीं घातले आहेत. पण त्याच यादींत, हात पोंचण्यास कठीण अशा जागीं बिनखुणांची तोटी बसविण्याचा बांधणाऱ्याचा निर्णयहि स्पष्टपणें नोंदविला आहे.

हा अहवाल वाचून आम्हांस वाटलें कीं, पुतण्यानें त्यांतून घेतलेला बोध खरा असला तरी अपुरा आहे. 'तोटी पाठीमागें नको' हा त्या अपघाताचा वाच्यार्थ झाला. त्याचा लक्ष्यार्थ निराळा आहे. त्या पहिल्या गृहस्थानें तोटी स्वतःच्या हाताला, स्वतःच्या आठवणीला आणि स्वतःच्या भयाला अनुसरून बसविली; दुसऱ्याच्या हाताचा विचार केला नाहीं. पुतण्याची डावी भिंतहि त्याच्याच गुडघ्यापाशीं होती. परंतु हें आम्हीं बोलून दाखविण्याच्या आधींच, ज्यांना बोलण्याचा खरा अधिकार होता त्यांनीं तें विचारलें.

सूनबाई त्या दिवशीं चहा घेऊन तेथें आल्या होत्या. प्रसंग पडल्यास विमान सुखरूप खालीं आणतां यावें इतपत शिक्षण त्यांनीं त्या सुमारास घ्यावयास आरंभ केला होता. पुतण्यानें पुठ्ठ्याची एक तोटी कापून डाव्या भिंतीला चिकटविली होती. ती पाहून त्या आम्हांस म्हणाल्या, "काका, वर असतांना ह्यांना भोंवळ आली तर माझा हात तेथवर पोंचेल का ?" पुतण्या म्हणाला, "बसून पाहूं." दोघेंहि धडांत जाऊन बसलीं, पट्टे आंवळले. पुतण्यानें मान टाकून डोळे मिटून घेतले. सूनबाईंनीं उजव्या आसनावरून त्याच्या अंगावरून हात लांबविला. तोटी वीतभर दूर राहिली. आणखी ताणून पाहतां त्यांचा खांदा पुतण्याच्या दोन पायांमधल्या दांड्यावर टेकला आणि तो दांडा चांगला चार बोटें पुढें गेला. विमान हवेंत असतें तर त्याचें नाक खालीं गेलें असतें.

कोणी कांहीं बोललें नाहीं. अहवालांतला तो उजवा पाय आम्हां तिघांनाहि आठवला असावा. पुतण्या खालीं उतरला, भिंतीवरचा पुठ्ठा काढून त्यानें तो टोपलींत टाकला, आणि दुसऱ्या दिवशीं नकाशांतल्या मूळ जागीं, दोन आसनांच्या मध्यें, जमिनीवर खूण केली. तोटी बसविल्यानंतर दोघांनींहि पट्टे बांधून, डोळे मिटून, केवळ हाताच्या स्पर्शानें 'डावी', 'उजवी' आणि 'बंद' ह्या तिन्ही जागा दहा दहा वेळां लावून पाहिल्या. मूठ ज्या बाजूस वळेल त्या बाजूची टाकी चालू व्हावी, अशी जोडणी केली. 'बंद' ह्या जागेवर तोटी चुकून जाऊं नये म्हणून ती आधीं वर उचलावी लागेल अशी कळ ठेवली. आणि तिन्ही नांवें मोठ्या पांढऱ्या अक्षरांनीं लिहिलीं. तीं अक्षरें लिहितांना पुतण्या म्हणाला, "मला तर हीं लागणारच नाहींत." आम्हीं म्हटलें, "तुझ्यासाठीं तीं नाहींतच."

नळ्या जोडून झाल्यावर जी परीक्षा त्यानें घेतली ती पाहून आमच्यांतला मास्तर संतुष्ट झाला. आपल्याकडे स्थालीपुलाकन्याय प्रसिद्ध आहे; भाताचें एक शीत दाबून पाहिलें कीं सारा भात शिजला हें कळतें. पेट्रोलच्या बाबतींत हा न्याय चालत नाहीं. जमिनीवर उभ्या विमानाचें इंजिन चाललें, एवढ्यानें तें चढणीवर चालेल असें होत नाहीं. म्हणून विमानाचें नाक उंच चढणीच्या कोनांत उचलून धरतात, टाकींत थोडेंच पेट्रोल ठेवतात, इंजिनापाशीं नळी सोडून तींतून दर मिनिटास किती पेट्रोल पडतें तें मोजतात. प्रत्येक टाकीचें वेगळें आणि प्रत्येक पंपाचें वेगळें. पेट्रोल पंपानें जात असेल तर इंजिनाला पूर्ण जोरावर लागतें त्याच्या सव्वापट मिळालें पाहिजे. आपल्या वजनानें उतरत असेल तर दीडपट. समजा, इंजिनाला ताशीं ६० लिटर लागत असेल, तर पहिल्या प्रकारांत ७५ आणि दुसऱ्यांत ९० लिटर भरलें पाहिजे. पुतण्यानें हें माप तीन रात्रीं घेतलें आणि प्रत्येक आंकडा वहींत उतरविला. हवेच्या नळीच्या तोंडाशीं कुंभारणीसाठीं जाळी बसविली तेव्हां ती सूनबाईंनीं स्वतः आणून दिली होती.

सन २०१२ मध्यें अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळानें घरीं बांधलेल्या विमानांविषयीं एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या उड्डाणापूर्वीं पेट्रोलच्या व्यवस्थेची अशी परीक्षा झाल्याचें लेखी प्रमाण असावें, अशी शिफारस त्यांत आहे. पण आमच्या मनांत घर करून राहिली ती त्यांतली दुसरी गोष्ट. सन २०११ मधील ज्या अपघातांची त्यांनीं तपासणी केली, त्यांतील निम्म्याहून अधिक विमानें चालविणाऱ्यानें स्वतः बांधलेलीं नव्हतीं. तीं दुसऱ्याकडून विकत घेतलेलीं होतीं. म्हणजे घरीं बांधलेली वस्तु फार दिवस 'घरची' राहत नाहीं. बांधणारा म्हातारा होतो, कंटाळतो, त्याला पैशांची नड लागते; वस्तु परक्याच्या हातीं जाते आणि बांधणाऱ्याच्या मनांतली माहिती मागेंच राहते.

हें विमानापुरतेंच खरें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या वाड्यांत गॅसच्या टाकीची चावी ओट्याखालच्या फडताळांत, डब्यांच्या मागें होती. ती आमच्या सौभाग्यवतींच्या हाताला पाठ होती. परंतु त्या गांवीं गेल्या कीं बाकीच्या सगळ्यांना ती चांचपडावी लागे. अमेरिकेहून परत आल्यावर वहिनींच्या सांगण्यावरून डबे तेथून हलविले आणि ऐंशीच्या घरांतल्या आमच्या आत्याबाईंना खुर्चीवरून न वांकतां चावी बंद करतां येते कीं नाहीं, तें करवून पाहिलें. ज्याचा हात सर्वांत आंखूड, त्याच्या मापानें चावीची जागा ठरवावी, एवढें तारतम्य आम्हीं त्या पुठ्ठ्याच्या तोटीपासून शिकलों.

वहिनींना मात्र आम्हीं काय सांगावयाचें, हा प्रश्न उरला होता. 'भय नाहीं' असें सांगणें खोटें झालें असतें. आम्हीं त्यांना सांगितलें कीं, भय आहे. पण तें कोठें कोठें आहे तें दोघांनींहि शोधून पाहिलें आहे, आणि आपल्या सूनबाईंचा हात आतां तोटीला पोंचतो. त्यांनीं थोडा वेळ विचार केला आणि विचारलें, "डोळे मिटून ?" आम्हीं म्हटलें, "डोळे मिटून." मग त्या उठून स्वयंपाकघरांत गेल्या.

सन २०२१ च्या मे महिन्यांत पुतण्यानें पहिलें उड्डाण एकट्यानें केलें. नियमाचे तास पुरे होईपर्यंत सूनबाई जमिनीवरूनच पाहत होत्या. त्यानंतर त्या त्याच्या शेजारीं बसल्या. प्रत्येक उड्डाणापूर्वीं तोटी त्या फिरवितात आणि टाकीचें नांव मोठ्यानें म्हणतात, असा त्यांच्या घरचा नेमच झाला आहे. विमानाबरोबर जी नोंदवही ठेवावी लागते, तिच्या शेवटच्या पानांवर पुतण्यानें पेट्रोलच्या व्यवस्थेचा संपूर्ण आंखीव नकाशा काढला आहे. कोणती नळी कोणत्या सालीं बसविली, कोणत्या जागीं पाणी सांचतें, नकाशापेक्षां काय बदललें आणि काय बदलावयाचें टाळलें, हें सारें सोप्या भाषेंत लिहिलें आहे. त्याची एक प्रत त्यानें आम्हांस पाठविली. मजकुरावर कोणाचें नांव नाहीं. आरंभींच एवढेंच लिहिलें आहे कीं, हें विमान माझ्यानंतर जो चालवील त्याच्यासाठीं.